पद्मिनी घाटात ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी अंश मोजा

बीडहून आजचा भाग जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी.

मांजरसुंब्याच्या घाटात पद्मिनी दम टाकते. कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटर फिरवून इग्निशनही लावलं, तरी ओढ नाही. मग कुणीतरी म्हणतं, "खोला इंजिन!" जरा थांबा. आधी कॅमशाफ्टचं टायमिंग मोजू.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, मुळात फियाट 1100 चं. कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि पुशरॉड-रॉकरमार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हा हिशोब सांभाळते टायमिंग चेन. ती झिजून लांबली की कॅम मागे पडतो, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि कमी आरपीएमला आत आलेलं थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. चढावर जाणवतं ते हेच. डिस्ट्रिब्युटर फिरवून हे सुधारत नाही, कारण त्याने फक्त ठिणगीची वेळ बदलते.

आता मोजायचं कसं? बॅटरी सोडा, सगळे प्लग आणि रॉकर कव्हर काढा. क्रँकच्या पुलीवर डिग्री व्हील बसवा, तारेचा काटा करा.

पहिलं काम, खरा टीडीसी शोधणं. पिस्टन अगदी वर असताना काही अंश जवळपास हलतच नाही, म्हणून नजरेवर विसंबू नका. एक नंबरच्या प्लगच्या भोकात स्टॉपर लावा. पान्याने हळूच फिरवून पिस्टन टेकवा, मग उलट फिरवून टेकवा. समजा 40 आणि 36 अंश आले, तर व्हील 2 अंश सरकवा, म्हणजे दोन्हीकडे 38. मधला शून्य हाच टीडीसी. स्टॉपर आठवणीने काढा!

दुसरं काम, इनटेक व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप शून्य करून स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेज लावा. इंजिन फक्त चालतं त्याच दिशेने फिरवा, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात घुसतो. पूर्ण उचल बघा. मग तिच्या 1 मिमी आधीचा आणि 1 मिमी नंतरचा अंश लिहा. 74 आणि 142 आले तर सरासरी 108. मॅन्युअलच्या हिशोबाने 104 हवे असतील, तर कॅम 4 अंश मागे आहे.

हा आकडाच दोष सांगतो. थोडे अंश मागे, तर चेनवर संशय. क्रँकच्या चक्राला समजा 20 दाते असतील, तर एक दात चुकल्यावर थेट 18 अंशांचा फरक पडतो. अंश बरोबर पण उचल बाकीच्या सिलेंडरपेक्षा कमी, तर कॅमचा उंचवटा झिजलाय. आम्ही कोडमध्ये बग शोधतो तसंच, आधी मोजायचं, मग हात घालायचा.

शेवटी टॅपेट गॅप पुन्हा लावायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!