यकृतात गाठ दिसली? आधी तिची जात ओळखा

पोट दुखतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली आणि कागदावर ‘लिव्हरमध्ये गाठ’ असं लिहून आलं, की घरात रडारड सुरू होते. कुणी देवऋषी गाठतो, कुणी जमीन गहाण टाकायला निघतो. पण जरा थांबा. यकृतातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पाण्याची गाठ किंवा रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ पुष्कळांना असते आणि बहुधा ती काहीच त्रास देत नाही.

सोनोग्राफीत उलगडा झाला नाही, तर डॉक्टर कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगतात. हे यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक. त्यात क्ष-किरण नसतात. हाताच्या शिरेत गॅडोलिनियमचं औषध टोचून थोड्या थोड्या वेळाने चित्रं काढतात.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन हिस्से आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, एक हिस्सा धमनीतून. यकृतातच उपजलेला कॅन्सर मात्र बहुतेक धमनीवर पोसतो. म्हणून औषध टोचल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो आधी उजळतो आणि पुढच्या काही मिनिटांत भोवतालापेक्षा फिका पडतो. रक्तवाहिन्यांची गाठ याच्या उलट. वाफ्यात बांधाकडून मधे पाणी सरकावं, तशी ती कडेकडून हळूहळू भरते. सिरोसिस किंवा जुनी हिपॅटायटिस-बी असलेल्या रोग्यात कॅन्सरची ही खूण स्पष्ट दिसली, तर सुई घालून तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही.

मेंढपाळ बांधवांनी एक ध्यानात ठेवावं. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंताच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात पाण्याचा फोड होतो. तशी शंका असेल तर घाईने सुई टोचू देऊ नका. फोड फुटून जिवावर बेतू शकतं. ग्रामपंचायतीनेही कापलेल्या मेंढ्यांची आतडी-काळीज कुत्र्यांपुढे पडणार नाही, याची व्यवस्था करावी.

तपासणीला जाताना जुने सगळे कागद बरोबर न्या. मूत्रपिंडाचा आजार, पेसमेकर, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. वेल्डिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी कीस गेला असल्यास तेही सांगावं. ‘श्वास रोखा’ म्हटलं की पंधरा-वीस सेकंद रोखा; हललात तर चित्र बिघडतं.

आणि हिपॅटायटिस-बी किंवा सिरोसिस असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कराच. गाठ लहान असताना सापडली, तर उपाय हाती असतात.