पावसाळी बेगमीतले चोरीस, स्लो कुकरमध्ये

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत वरळी कोळीवाड्याची भिस्त सुके बोंबील, सोडे आणि सुकटीवर असते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पावसाळ्याच्या बेगमीत चोरीसही असतात. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, लाल मिरची, लसूण आणि माडाच्या ताडीच्या व्हिनेगरमध्ये मुरवायचे, आतड्यात भरायचे, दोऱ्याने बांधून माळा सुकवायच्या. गोंयकारांबरोबर ते मुंबईत आले.

चोरीस सुकवलेले असले, तरी कच्चेच असतात. म्हणून मंद, लांब आच त्यांना मानवते. दोरा आणि आवरण काढा, तळाशी भरपूर कांदा घाला, अर्धी वाटी पाणी पुरे. तेल नको, चरबी सुटतेच. मीठ शेवटी, चव बघूनच. मंद आचेवर पाचसहा तास लागतात. मधे झाकण उघडलं की वाफ जाते आणि वेळ वाढतो. गोठवलेले चोरीस आधी फ्रिजमध्येच नरम होऊ द्या.

राजमा घालून फेजुआद करणार असाल, तर हे कृपया टाळू नका: राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळ उकळून प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवा, मगच स्लो कुकरमध्ये टाका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. शिवाय व्हिनेगरच्या आंबटपणात न शिजलेला दाणा कडकच राहतो.

सोबत पाव घ्या किंवा उकड्या तांदळाचा भात. लहान मुलं जेवायला असतील तर बटाटा घाला, तिखट बरंच सौम्य होतं.