नुर्मीच्या मुठीतलं घड्याळ
फिनलंडचे लांब पल्ल्याचे धावपटू : लेखांक ३

१० जुलै १९२४. पॅरिसजवळच्या कोलोंब स्टेडियमवर १५०० मीटरची अंतिम शर्यत सुटली आणि फिनलंडचा एक सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा धावपटू सुरुवातीलाच पुढे निघाला. त्याच्या मुठीत स्टॉपवॉच होतं. धावता धावताच तो हात किंचित वर आणायचा, घड्याळावर नजर टाकायचा आणि पुन्हा पुढे बघायचा. मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, याची त्याला फिकीर दिसत नव्हती. ३ मिनिटं ५३.६ सेकंदांत त्याने शर्यत जिंकली. दुसरा आलेला स्वित्झर्लंडचा विली शेरर त्याच्या १.४ सेकंद मागे होता. जल्लोष करायला मात्र त्याला सवड नव्हती. तासाभराच्या आत त्याला ५००० मीटरची अंतिम शर्यत धावायची होती.

हा पावो नुर्मी.

गेल्या लेखांकात आपण हान्नेस कोलेहमाइनेनची कहाणी वाचली. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने वैयक्तिक शर्यतींत तीन सुवर्णपदकं मिळवली, आणि १९२०मध्ये अँटवर्पची मॅरेथॉनही जिंकली. त्याच मॅरेथॉनमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले होते आणि एकोणिसावे आले होते. स्टॉकहोमच्या विजयाची बातमी टुर्कू शहरात पोहोचली तेव्हा नुर्मी पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर लवकरच त्याने धावण्याचे पहिले बूट घेतले.

बूट घेणं ही त्या घरात साधी गोष्ट नव्हती. सुतारकाम करणारे वडील १९१०मध्ये वारले होते. घर चालावं म्हणून आईने स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने दिलं आणि स्वतःचं कुटुंब उरलेल्या एका खोलीत आणलं. पावो अभ्यासात हुशार होता, तरी शाळा सोडून तो एका बेकरीत हरकाम्या म्हणून लागला. मालाने भरलेली गाडी टुर्कूच्या चढणींवर ढकलत न्यायची, हे त्याचं रोजचं काम. पाठ आणि पाय याच कामाने घट्ट झाले, असं तो पुढे सांगत असे.

सैन्यात गेल्यावर तिथल्या लांब पल्ल्याच्या संचलनात बाकीचे सैनिक चालत असताना, खांद्यावर रायफल आणि पाठीवर वाळूची पिशवी घेऊन हा पठ्ठ्या सगळं अंतर धावत गेला. तो इतक्या लवकर पोहोचला की आडवाटेने आला असावा, अशी शंका काहींना आली.

अँटवर्प हे त्याचं पहिलं ऑलिंपिक. ५००० मीटरमध्ये फ्रान्सच्या जोसेफ गिलमोने त्याला मागे टाकलं. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये फिनलंडबाहेरचा एकही धावपटू त्याला पुन्हा हरवू शकला नाही. काही दिवसांतच १०,००० मीटरमध्ये त्याने गिलमोला मागे टाकून सुवर्ण घेतलं, क्रॉस कंट्रीमध्येही वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदकं जिंकली.

आता त्या घड्याळाकडे वळू. त्या काळात शर्यत म्हणजे माणसाची माणसाशी झुंज असे. कुणी अचानक वेग वाढवायचा, दुसरा त्याच्या मागे सुटायचा, मग दोघं मंदावायचे. या धरसोडीत शरीराचं नुकसान होतं. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की रक्तातून येणारा प्राणवायू स्नायूंना पुरत नाही. मग स्नायू प्राणवायूशिवायच ऊर्जा काढू लागतात. पण ही उचल थोडा वेळच पुरते, आणि पाय जड पडू लागतात. सुरुवातीला कमावलेले सेकंद शेवटी व्याजासकट परत करावे लागतात. हे सारं शरीरशास्त्राच्या भाषेत न मांडताही नुर्मीने ओळखलं होतं. एकूण वेळ आधी ठरवायचा, तो फेऱ्यांमध्ये सारखा वाटायचा आणि प्रत्येक फेरी त्या हिशेबाने धावायची, ही त्याची रीत. वेग बरोबर आहे की नाही, हे प्रतिस्पर्ध्याला विचारण्याऐवजी तो घड्याळाला विचारी.

या रीतीचं फळ लवकरच दिसलं. १९२३मध्ये स्टॉकहोमला त्याने मैलाचं अंतर ४ मिनिटं १०.४ सेकंदांत तोडलं. तेव्हा मैल, ५००० मीटर आणि १०,००० मीटर या तिन्ही अंतरांचे जागतिक विक्रम एकाच वेळी त्याच्या नावावर होते. असं दुसऱ्या कुणालाही आजवर जमलेलं नाही.

पॅरिसच्या वेळापत्रकात १५०० आणि ५००० मीटरच्या अंतिम शर्यतींमध्ये आधी अर्धाच तास ठेवला होता. फिनलंडने आक्षेप घेतल्यावर तो वाढवला, तरी पुरता तास काही मिळाला नाही. नुर्मीने मग १९ जूनला हेलसिंकीत रंगीत तालीम केली : तासाभराच्या आत दोन्ही अंतरं धावून पाहिली. १५०० मीटरला ३ मिनिटं ५२.६ सेकंद, ५००० मीटरला १४ मिनिटं २८.२ सेकंद. दोन्ही जागतिक विक्रम ठरले.

तर १० जुलैची दुसरी शर्यत. नुर्मी दमलेला असणार, हे ओळखून त्याचाच देशबांधव विल्ले रितोला आणि स्वीडनचा एडविन विदे यांनी सुरुवातीलाच जोरदार वेग धरला. नुर्मी त्यांच्यामागे धावला नाही. कोलोंबची धावपट्टी ५०० मीटरची होती, म्हणजे एकूण दहा फेऱ्या. त्याच्या अंतिम वेळेचा भागाकार केला तर फेरीमागे सुमारे ८७ सेकंद येतात. पुढचे दोघं मंदावू लागले, तसा तो आपल्या चालीने त्यांच्यापर्यंत आला आणि पुढेही गेला. अखेरच्या सरळ पट्ट्यात रितोलाने सगळा जीव एकवटून त्याला गाठायचा प्रयत्न केला. नुर्मी १४ मिनिटं ३१.२ सेकंद, रितोला १४ मिनिटं ३१.४.

दोनच दिवसांनी क्रॉस कंट्री. उष्म्याची लाट अशी की पारा चाळिशीपार गेला होता. ३८ जण धावायला उतरले, त्यातले १५च शेवटपर्यंत पोहोचले. काहींना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने पहिला आला, आणि फिनलंडला सांघिक सुवर्णही मिळालं. ऑलिंपिकमध्ये पुन्हा क्रॉस कंट्री घेतलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी ३००० मीटर सांघिक शर्यत झाली, आणि त्याची पाच सुवर्णपदकं पुरी झाली.

१०,००० मीटरमध्ये मात्र फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी त्याला उतरवलंच नव्हतं. ती शर्यत रितोलाने ३० मिनिटं २३.२ सेकंदांच्या नव्या जागतिक विक्रमासह जिंकली. नुर्मीने ही सल मनात ठेवली. ३१ ऑगस्टला कुओपिओ शहरात तो हेच अंतर ३० मिनिटं ६.२ सेकंदांत धावला. तो विक्रम जवळजवळ तेरा वर्षं टिकला.

१९२८मध्ये ॲमस्टरडॅमला त्याने १०,००० मीटरचं सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं घेतली. एकूण नऊ सुवर्ण, तीन रौप्य. मॅरेथॉन तेवढी राहिली होती. १९३२च्या लॉस एंजेलिससाठी त्याने तयारी केली, तिथे जाऊन सरावही केला. पण जर्मनीतल्या शर्यतींसाठी प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने त्याला व्यावसायिक ठरवलं होतं, आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने त्याच्यावर बंदी घातली होती. स्पर्धा तोंडावर आलेली असताना ती बंदी कायम झाली. आज आघाडीचे खेळाडू उघडपणे मानधन घेतात. तेव्हा मात्र त्याच कारणासाठी पस्तीस वर्षांच्या नुर्मीला ती मॅरेथॉन प्रेक्षकांत बसून पाहावी लागली.

पुढे त्याने हेलसिंकीत कपड्यांचं दुकान आणि बांधकामाचा धंदा सांभाळला. मग १९ जुलै १९५२ उजाडला. हेलसिंकी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला पाऊस पडत होता. मशाल घेऊन कोण येणार, हे गुपित ठेवलं होतं. फलकावर नाव झळकलं आणि पंचावन्न वर्षांचा नुर्मी त्याच जुन्या लयीत धावपट्टीवर आला. मैदानात रांगेत उभे असलेले देशोदेशीचे खेळाडू रांगा मोडून त्याला पाहायला कडेला धावले. त्याने मैदानातली ज्योत पेटवली आणि मशाल कोलेहमाइनेनकडे दिली. मनोऱ्यावरची ज्योत कोलेहमाइनेनने पेटवली. याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

(पुढील लेखांकात : लासे विरेन. १९७२चं म्युनिक, १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पडलेला आणि उठून जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकणारा पोलीस शिपाई.)