मधल्या फळीचा खेळाडू व मार्गदर्शक : श्री. खालिद जमील

फूटबॉलचा सामना पाहणाऱ्यांचे डोळे बहुधा दोनच ठिकाणीं खिळलेले असतात : गोल करणाऱ्यावर आणि गोल अडविणाऱ्यावर. या दोहोंच्या दरम्यान जे तीनचार खेळाडू अखंड धांवत असतात, त्यांच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः सामन्याचें सूत्र पुष्कळ वेळ त्यांच्याच पायांत असतें. यांस मधल्या फळीचे खेळाडू म्हणतात. या फळींत खेळलेला मुंबईचा एक खेळाडू पुढें मार्गदर्शक कसा झाला, आणि अखेर भारताच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे कशी आली, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस कळावें, एवढ्याकरितां हा अल्प लेख लिहिला आहे.

प्रथम मधल्या फळीचें काम काय तें पाहूं. बचाव करणाऱ्याच्या दृष्टीसमोर सर्व मैदान पसरलेलें असतें. आघाडीच्या खेळाडूचें लक्ष्य समोर, म्हणजे प्रतिपक्षाच्या गोलाकडे असतें. मधल्या फळींतील खेळाडूवर मात्र चोहों बाजूंनीं प्रसंग येतो. म्हणून चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच त्यानें मान वळवून आपला कोण कोठें आहे व परका कोण कोठें आहे, हें टिपून ठेवावें लागतें. बचाव फळीकडून चेंडू घ्यावयाचा, तो आघाडीस पोंचवावयाचा, आणि चेंडू हातचा गेला कीं तो परत मिळविण्यास धांवावयाचें, असें हें त्रिविध काम आहे. इतकें करूनहि गोलफलकावर नांव लागतें तें बहुधा दुसऱ्याचें.

फ्रान्सचे दिदिए देशाँ हे याच फळींतले. त्यांचे समकालीन व देशबांधव एरिक कांतोना यांनीं त्यांस हिणवून 'पाणक्या' म्हटलें होतें. म्हणजे दुसऱ्यांसाठीं पाणी वाहणारा, अधिक कांहीं नाहीं. याच पाणक्याच्या नेतृत्वाखालीं फ्रान्सनें १९९८ सालीं विश्वचषक जिंकला. आणि २०१८ सालीं तो पुन्हा जिंकला, तेव्हां संघाचे मार्गदर्शक तेच होते. आपल्या शेजारच्या गोव्यांतील श्री. सावियो मदेरा यांचेंहि उदाहरण असेंच आहे. साळगांवकर क्लबाच्या मधल्या फळींत खेळलेल्या या गृहस्थांच्या मार्गदर्शनाखालीं भारतानें २०११ च्या डिसेंबरांत दिल्ली येथें अफगाणिस्तानचा ४-० असा पराभव करून दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळविलें. सर्व मैदान पाहण्याची व दुसऱ्याच्या सोयीचा विचार करण्याची संवय ज्यास खेळाडू असतांनाच लागते, त्यास मार्गदर्शकाचें निम्में शिक्षण तेथेंच मिळून जातें, असें या उदाहरणांवरून वाटतें.

येथें दोन शब्दांचा खुलासा करणें अवश्य आहे. इंग्लंडांत ज्यास मॅनेजर म्हणतात, तो संघाची निवड करतो, डावपेंच ठरवितो, आणि कोणता नवा खेळाडू घ्यावा यांतहि पुष्कळदां लक्ष घालतो. आपल्याकडे मॅनेजर हा बहुतकरून प्रवास, निवास व कागदपत्रें पाहतो. संघ निवडण्याचें आणि शिकविण्याचें काम कोचाचें, म्हणजे मार्गदर्शकाचें. परंतु ज्या क्लबाजवळ पैसा थोडा, तेथें हा भेद राहत नाहीं. मार्गदर्शकासच बहुतेक भार उचलावा लागतो. मार्गदर्शक होण्यास केवळ उत्तम खेळणें पुरत नाहीं. आशियाई फूटबॉल महासंघाच्या परवान्यांच्या सी, बी, ए व प्रो अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीस अभ्यास व परीक्षा असते. श्री. जमील यांनीं यांपैकीं शेवटली पायरी गांठलेली आहे.

श्री. खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजीं कुवेत येथें एका भारतीय कुटुंबांत झाला. आखाती युद्धाच्या सुमारास हें कुटुंब भारतांत परतलें, आणि त्यांचा खेळ मुंबईंत वाढीस लागला. १९९७ सालीं ते महिंद्र संघांत आले. पुढें कांहीं वर्षें एअर इंडियाकडून खेळून ते पुन्हा महिंद्र युनायटेडमध्यें परतले. या संघानें २००५-०६ च्या हंगामांत राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली, तेव्हां ते त्या संघांत होते. भारताच्या संघांतूनहि ते खेळले. पुढें २००७ सालीं नव्यानें स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी. या क्लबांत ते गेले. परंतु दुखापतींनीं त्यांस पुन्हा उभें राहूं दिलें नाहीं, आणि खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द तेथेंच संपली.

अशा प्रसंगीं पुष्कळ खेळाडू मैदानाकडे पाठ फिरवितात. श्री. जमील यांनीं २००९ सालीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्याच क्लबाचें मार्गदर्शन हातीं घेतलें. क्लब धनाढ्य नव्हता. मीरा रोडहून चर्चगेटच्या गाडीनें गेल्यास स्थानकापासून थोड्या चालीवर कूपरेजचें मैदान लागतें, तें या क्लबाचें घर. तेथें दुरुस्ती चालू असतां कांहीं काळ तेंहि मिळेना, व घरचे म्हणविणारे सामने पुण्याच्या बालेवाडींत खेळावे लागले. साखळी स्पर्धेंत तळाशीं राहणाऱ्या संघास खालच्या वर्गांत जावें लागतें. हा धोका दरवर्षीं समोर उभा असतांहि त्यांनीं सात हंगाम मुंबईचें वरच्या वर्गांतील स्थान टिकविलें. त्यांचा खेळ फार बचावाचा आहे, अशी टीकाहि झाली. पण ज्याच्या पदरीं थोडें आहे, त्यानें तें आधीं राखावें, हा व्यवहार आपल्या गृहिणींस निराळा शिकवावा लागत नाहीं.

२०१६ सालीं हा संबंध तुटला, आणि श्री. जमील मिझोरामच्या ऐजॉल एफ. सी. या क्लबाकडे गेले. हा क्लब त्याच वर्षीं खालच्या वर्गांत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनीं स्पर्धेंतून माघार घेतली, म्हणून त्यास परत प्रवेश मिळाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सबंध मिझोराम राज्याची वस्ती सुमारें ११ लक्ष. आपल्या एकट्या मीरा-भाईंदर शहराचीच त्या वेळीं ८ लक्षांवर होती. एवढ्याशा डोंगराळ मुलुखांतील क्लबाची गांठ कोलकात्याच्या शतकजुन्या क्लबांशीं होती. श्री. जमील यांनीं मुंबईंतील आपले जुने शिष्य जयेश राणे व आशुतोष मेहता यांस बरोबर घेतलें, स्थानिक मिझो तरुणांवर विश्वास टाकला, आणि थोडे परदेशी खेळाडू पारखून घेतले.

या स्पर्धेंत दहा संघ होते. प्रत्येकास १८ सामने. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐजॉलनें स्वगृहीं मोहन बागानवर १-० असा विजय मिळविला. ३० एप्रिल रोजीं शेवटचा सामना शिलाँग येथें होता, व अजिंक्यपदास बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटासच शिलाँग लाजाँगनें गोल केला. एका तासाहून अधिक वेळ गेल्यावर विल्यम लालनुनफेला यानें तो फेडला, आणि सामना १-१ असा सुटला. ऐजॉलचे ११ विजय, ४ बरोबऱ्या व ३ पराभव मिळून ३७ गुण झाले. मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील क्लबानें राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. मात्र तळाशीं राहिला.

येथेंच गोष्ट संपती, तर ती परीकथेसारखी गोड झाली असती. पुढें कोलकात्याच्या ईस्ट बंगाल व मोहन बागान या दोन्ही क्लबांचें काम त्यांनीं पाहिलें. राष्ट्रीय साखळीचें अजिंक्यपद कोठेंहि मिळालें नाहीं, व कोठेंहि मुक्काम दीर्घ झाला नाहीं. नंतर नॉर्थईस्ट युनायटेड या क्लबांत ते दुय्यम जागेवर राहिले. २०२१ च्या जानेवारींत, हंगामाच्या मध्यावर, परदेशी मार्गदर्शकास दूर करण्यांत आलें व काम तात्पुरतें त्यांच्याकडे आलें. त्यांनीं संघास थेट उपांत्य फेरींत नेलें. इंडियन सुपर लीग स्पर्धेंत असें करणारे ते पहिले भारतीय मार्गदर्शक. आणि त्याच वर्षीं कायमचे मुख्य मार्गदर्शक नेमले गेलेलेहि तेच पहिले भारतीय. तथापि पुढल्याच हंगामांत हा संघ अकरांत दहावा आला. २०२३ च्या अखेरीस त्यांनीं जमशेदपूरचा संघ हातीं घेतला. २०२५ सालीं तो साखळीच्या उपांत्य फेरीपर्यंत व सुपर चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. भारतीय फूटबॉल महासंघानें सलग दोन वर्षें त्यांस उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून गौरविलें.

१ ऑगस्ट २०२५ रोजीं त्यांची भारताचे मुख्य मार्गदर्शक म्हणून नेमणूक जाहीर झाली. श्री. मदेरा यांच्यानंतर या जागीं येणारे ते पहिले भारतीय होत. आरंभ उत्तम झाला : मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेंत भारतानें यजमान ताजिकिस्तानवर २-१ असा जय मिळविला, आणि ८ सप्टेंबर रोजीं ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरें स्थान पटकाविलें. परंतु १४ ऑक्टोबर रोजीं मडगांव येथें सिंगापूरनें भारतास २-१ असें हरविलें, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें दार बंद झालें. यश व अपयश यांमधील अंतर या क्षेत्रांत पांचसहा आठवड्यांचेंहि नसतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां पालकांस दोन शब्द. "खेळून मुलाचें पुढें काय होणार?" हा प्रश्न प्रत्येक घरीं विचारला जातो, आणि तो अयोग्य नाहीं. मोठा खेळाडू हजारांत एखादाच होतो, व त्याचाहि गुडघा एके दिवशीं दगा देऊं शकतो. पण श्री. जमील यांच्या चरित्रावरून असें दिसतें कीं, पाय थांबले तरी पाहण्याची, शिकविण्याची व माणसें जोडण्याची विद्या थांबत नाहीं. मात्र तिला अभ्यासाची जोड लागते. परवान्याच्या परीक्षा पुस्तकाशीं वैर धरून देतां येत नाहींत. म्हणून मुलाच्या हातांतील चेंडू काढून घेऊं नये. पुस्तकहि सुटूं देऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, शांती नगरच्या इमारतींमधील चिंचोळ्या जागेंत खेळतांना जागा अपुरी म्हणून आपण खंत करतां. पण अशाच जागेंत चेंडू येण्याआधीं चोहोंकडे पाहण्याचा अभ्यास उत्तम होतो. तो उद्यांपासून करून पाहा. आणि आपल्या संघानें गोल केला म्हणजे टाळ्या अवश्य वाजवा. परंतु गोल करणाऱ्याच्या पायाशीं तो चेंडू कोणीं आणून दिला, तेंहि पाहण्यास विसरूं नका.