जपानचे वार्तापत्र : भरून गेलेली घरे

ज्या घराच्या खोल्या, अंगण आणि ओसरी साठवलेल्या वस्तूंनी व न टाकलेल्या कचऱ्याने भरून जातात आणि ज्याचा त्रास शेजाऱ्यांना होऊ लागतो, अशा घराला जपानमध्ये ‘गोमी याशिकी’, म्हणजे कचऱ्याचा वाडा, असे म्हणतात. देशातील सर्व १,७४१ शहरे, गावे आणि टोकियोचे विशेष प्रभाग यांच्याकडून माहिती मागवून तेथील पर्यावरण मंत्रालयाने २०२३ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात आधीच्या पाच आर्थिक वर्षांत अशी ५,२२४ प्रकरणे नोंदली गेल्याचे आढळले आणि त्यांपैकी जेमतेम निम्म्यांचा निकाल लागला होता. ज्या देशाचे रस्ते स्वच्छतेसाठी जगभर वाखाणले जातात, त्या देशात ही घरे असावीत याचे परक्याला आश्चर्य वाटते. परंतु रस्ता स्वच्छ ठेवणारी जी शिस्त आहे, तीच अशक्त आणि एकट्या माणसाच्या घरात कचरा अडवून धरते, हे तेथील व्यवस्था जवळून पाहिल्यावर ध्यानात येते.

जपानमध्ये घरातील कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे, प्लास्टिक, कागद अशा वर्गांत वेगळा करून, प्रत्येक वर्गाच्या ठरलेल्या वारी, बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या आत, गल्लीतील नेमून दिलेल्या जागी ठेवावा लागतो. पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली, तर ती तशीच मागे राहते आणि ती कोणाची याची चर्चा गल्लीत होते. गादी, कपाट, सायकल अशा मोठ्या वस्तूंसाठी पालिकेकडे आधी नोंदणी करून, दुकानातून शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन ती वस्तूवर चिकटवावी लागते. दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाई यंत्र आणि वातानुकूलन यंत्र यांच्या पुनर्वापराचा खर्च २००१ मध्ये अमलात आलेल्या कायद्यानुसार टाकणाऱ्यानेच भरायचा असतो. दारात येऊन जुन्या वस्तू तोलून घेणारा आणि वर चार पैसे देणारा भंगारवाला गृहीत धरून जगणाऱ्या मराठी वाचकाला ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण जुनी वस्तू घराबाहेर काढणे हे जपानमध्ये कष्टाचे, खर्चाचे आणि स्मरणशक्तीचे काम आहे. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या माणसाकडून दोन-तीन वेळा चूक झाली, की तो पिशव्या घरातच ठेवू लागतो.

तरीही सर्व भरलेल्या घरांचे कारण एक नसते, आणि हा भेद न करता केलेली प्रत्येक उपाययोजना फसते. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संग्रहविकाराला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. वस्तूचे मोल काहीही असो, ती टाकून देण्याच्या विचारानेच तीव्र मनःस्ताप होणे आणि त्यामुळे राहत्या जागेचा मूळ उपयोगच नाहीसा होणे, ही या आजाराची मुख्य लक्षणे होत. याहून वेगळी अवस्था म्हणजे आत्मदुर्लक्ष, जिच्यात जोडीदाराचा मृत्यू, नोकरी जाणे किंवा नैराश्य यांनंतर माणूस जेवण, आंघोळ, औषध आणि घर या सर्वांची काळजी घेणेच सोडून देतो. पहिल्या माणसाला प्रत्येक वस्तू हवी असते, तर दुसऱ्याला काहीच नको असते. बाहेरून मात्र दोघांची घरे सारखीच दिसतात, आणि म्हणून शेजारी दोघांनाही आळशी ठरवून मोकळे होतात. हा अन्याय आहे.

अशा घरांतील धोका दुर्गंधी आणि झुरळे यांच्या पलीकडचा असतो. भिंतीतील विजेच्या सॉकेटमध्ये वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या आणि सामानामागे दडलेल्या प्लगवर धूळ साचते, जपानच्या दमट हवेत ती ओल धरते, तिच्यातून वीज वाहू लागते आणि ठिणगी पडते. आसपास वर्तमानपत्रे व कपडे यांचे ढीग असल्याने आग क्षणात पसरते, आणि आतल्या माणसाला दारापर्यंत पोहोचायला वाट नसते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात दहा वर्षांच्या नोंदींवरून असे दिसले, की घरांना लागलेल्या एकूण आगींत साठवणुकीच्या घरांचा वाटा अवघा ०.२५ टक्के होता, परंतु टाळता येण्याजोग्या आगीतील मृत्यूंत तो २४ टक्के होता. जपानमध्ये याला भूकंपाची जोड मिळते, कारण छतापर्यंत रचलेले ढीग साध्या धक्क्यानेही कोसळतात. शिवाय वजनाचा प्रश्न आहेच. तेथील बांधकाम नियमांनुसार राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १८० किलो भार धरला जातो, आणि मासिकांचा एक मीटर उंचीचा घट्ट ढीग त्याच्या कित्येक पट भरतो. टोकियोच्या मेजिरो भागात २००५ च्या फेब्रुवारीत एका जुन्या लाकडी इमारतीच्या वरच्या मजल्याची जमीन मासिके व वर्तमानपत्रे यांच्या भाराने खाली आली आणि त्यांखाली गाडला गेलेला रहिवासी बचावपथकाने जिवंत बाहेर काढला.

एवढे धोके उघड असतानाही शासन घरात शिरत नाही, याचे कारण कायद्यात आहे. जपानची राज्यघटना मालमत्तेच्या हक्काला आणि घराच्या अभेद्यतेला संरक्षण देते, आणि साठवलेली वस्तू कचरा नसून आपली मालमत्ता आहे असे रहिवाशाने म्हटले, की अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. म्हणून स्थानिक संस्थांनी स्वतःचे नियम केले. टोकियोच्या आदाची प्रभागाचा नियम २०१३ च्या जानेवारीत अमलात आला. त्यात समज, शिफारस व आदेश अशा पायऱ्या ठेवून अखेरीस १९४८ च्या कायद्यानुसार प्रशासनाने स्वतः सफाई करून खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद आहे. क्योतो शहराने २०१४ मध्ये केलेल्या नियमात रहिवाशाला आधार देणे हे मुख्य कर्तव्य मानले, आणि पुढच्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे सक्तीची सफाईही करावी लागली.

प्रत्यक्ष घर रिकामे करण्याचे काम बहुधा खासगी सफाई कंपन्या करतात. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून अनेकदा नाव नसलेल्या गाडीतून आलेली माणसे अंगभर संरक्षक पोशाख, दुहेरी हातमोजे आणि गाळणीचे मुखवटे घालून दारापासून आत वाट काढत जातात. ढीग फावड्याने एकदम उचलला जात नाही. बँकेची पुस्तके, सही म्हणून वापरले जाणारे शिक्के, छायाचित्रे आणि पाकिटांत, पुस्तकांत ठेवलेल्या नोटा कचऱ्यातच मिसळलेल्या असल्याने प्रत्येक पिशवी हाताने उघडून पाहावी लागते, आणि याच सावकाशीत या व्यवसायाचे खरे कौशल्य आहे. घरगुती कचरा वाहून नेण्यास पालिकेचा परवाना लागतो, तर जुन्या वस्तू विकत घेण्यास वेगळा परवाना लागतो. हे दोन्ही नसताना भोंगा लावून फिरणारे ट्रक सामान फुकट नेण्याचे सांगतात आणि ते गाडीत चढवल्यावर भरमसाट पैसे मागतात; अडचणीतील वृद्धांची ही लूट चीड आणणारी आहे.

याच कामाची सर्वांत कठीण शाखा ‘तोकुशू सेइसो’, म्हणजे विशेष सफाई, ही होय. जपानच्या पोलीस खात्याच्या नोंदींनुसार २०२४ मध्ये एकट्या राहणाऱ्या ७६,०२० व्यक्तींचा मृत्यू घरी झाला, त्यांपैकी ५८,०४४ जण ६५ वर्षांचे वा त्याहून मोठे होते, आणि हजारो मृत्यू आठवड्याहून अधिक काळ कोणालाही कळले नाहीत. अशा खोलीत चटया आणि लाकडी जमीन उखडावी लागते, खालच्या काँक्रीटवर लेप द्यावा लागतो आणि ओझोन वायूच्या यंत्राने वास घालवावा लागतो; काम सुरू करण्यापूर्वी कर्मचारी अनेकदा हात जोडतात. या क्षेत्रात काम केलेल्या कोजिमा मियू यांनी अशा खोल्यांच्या छोट्या प्रतिकृती घडवून लोकांसमोर मांडल्या, आणि त्यांतील पिशव्यांचे ढीग पाहिले म्हणजे मृत्यूपूर्वीची कित्येक वर्षे डोळ्यांपुढे येतात.

घर रिकामे झाल्यावर रहिवाशाकडे कोणी फिरकले नाही, तर ते पुन्हा भरते, आणि संग्रहविकाराच्या माणसाच्या संमतीवाचून सामान फेकले, तर त्याचा उरलासुरला विश्वासही जातो. म्हणून शासनाने नेमलेले, परंतु वेतन न घेणारे ‘मिन्सेइ इइन’ हे वस्तीतील कल्याण-स्वयंसेवक, आरोग्यसेविका आणि पालिकेचे कर्मचारी महिनोन्‌महिने दाराशी जाऊन बोलत राहतात, एका वेळी एक पिशवी बाहेर काढण्याइतकी संमती मिळवतात आणि सोबत वैद्यकीय मदत व घरकामाची सेवाही जोडून देतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये एकाकीपणाविरुद्धचा राष्ट्रीय कायदा अमलात आल्याने या कामाला आधार मिळाला आहे. मात्र स्वतंत्र नियम करणाऱ्या स्थानिक संस्था पाहणीच्या वेळी सुमारे शंभरच होत्या, आणि त्या नियमांचा भर मुख्यतः शेजाऱ्यांना होणाऱ्या उपद्रवावर आहे. त्यामुळे बहुमजली इमारतीतील ज्या खोलीचे दार बंद राहते आणि जिचा वास बाहेर येत नाही, तिच्यापर्यंत पालिका पोहोचत नाही. तेथे राहणारा माणूस कित्येकदा भाडे थकल्यावर, किंवा त्याच्या मृत्यूनंतरच, प्रथम कोणाच्या तरी नजरेस पडतो.