हळदीचा पिवळेपणा आणि ग्राहकाचा अपरिचित हक्क

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आणि तूर डोळ्यांसमोर येतात. परंतु उमरखेड, महागाव व पुसद या तालुक्यांत हळदीचेही पीक घेतले जाते. कंद शिजवून, वाळवून, पॉलिश करून जी हळद हाती येते, तिचा रंग मंद, किंचित मातकट पिवळा असतो. बाजारात मात्र ग्राहक झळझळीत पिवळ्या हळदीकडेच वळतो. भेसळीचे मूळ या पसंतीत आहे. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट, तर हळदपुडीत आणि तूरडाळीत मेटॅनिल यलो वापरल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्वच कृत्रिम रंग बेकायदेशीर नाहीत. टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारख्या आठ रंगांना आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी आहे आणि पाकिटावर त्यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. पाकिटावरील १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो. हळदीत व डाळीत मात्र कोणताही रंग घालता येत नाही. मेटॅनिल यलो तर त्या आठांत नाहीच, आणि लेड क्रोमेट हे मुळात रंगाच्या डब्यात शोभणारे द्रव्य! त्यातील शिसे शरीरात साठत जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. शिशाची निर्धोक अशी मात्रा विज्ञानाला ज्ञात नाही.

पाकिटावरील अक्षरे वाचावीत, हा उपदेश योग्यच. पण आठवडी बाजारात गोणीतून मोजून दिलेल्या सुट्या हळदीवर वाचायचे काय? तेथे ग्राहकाची जागरूकता अपुरी पडते आणि शासनाची जबाबदारी सुरू होते.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली व ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्षात लागू झाला. राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. या कायद्याचे ४० वे कलम सामान्य ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते. खरेदी केलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार ते कोणाही खरेदीदाराला देते. पदार्थ कायद्याच्या कसोटीस न उतरल्यास भरलेले शुल्क परत मिळते. अट एकच, आपण हा माल तपासणीस देणार असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. ज्या दुकानात वर्षभराची उधारी चालते, तेथे हे सांगण्याचे धाडस कोण करील? त्यामुळे हा हक्क बहुधा कागदावरच राहतो. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी केवळ दिवाळीपूर्वी मिठाईचे नमुने न घेता हळद दळणाऱ्या गिरण्या व घाऊक बाजार वर्षभर तपासणे, हाच त्यावरील व्यवहार्य उपाय दिसतो.

हे अशक्य नाही, हे शेजारच्या बांगलादेशाने दाखवून दिले. तेथे २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत लेड क्रोमेट आढळले होते. वृत्तपत्रांतून जाहीर इशारे देण्यात आले, घाऊक बाजारात हातात मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राने तपासणी झाली, दोषी व्यापाऱ्यांना दंड ठोठावण्यात आला. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. कायदा तेथेही आधीपासून होताच, त्याचा वापर झाला एवढेच.

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ती न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळी छटा देते. गडद पिवळा रंग उतरल्यास शंकेस जागा आहे. मात्र ही परीक्षा पाण्यात विरघळणाऱ्या रंगापुरतीच उपयोगी पडते. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही. ते पकडण्यासाठी क्ष-किरण यंत्र किंवा प्रयोगशाळाच लागते.