ट्रेलर व ट्रॉली

स्वतःचे एंजिन नसलेल्या आणि दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढून न्यावयाच्या वाहनास ट्रेलर म्हणतात. शेतीच्या ट्रॅक्टरमागे जोडावयाच्या ट्रेलरला महाराष्ट्रात ‘ट्रॉली’ हे नाव रूढ झाले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे वा ओढण्यासाठी बनविलेले वाहन ट्रेलर ठरते. मात्र अर्ध-ट्रेलर व साइडकार त्यातून वगळलेली आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन पेलते, तो अर्ध-ट्रेलर होय.

ट्रेलर ओढण्याच्या कामी वाहनाची तीन सामर्थ्ये कसाला लागतात : ओढण्याचे, पेलण्याचे व आवरण्याचे. यांपैकी पहिल्याचाच विचार सामान्यतः केला जातो. परंतु बहुतेक अपघातांचे मूळ दुसऱ्या दोहोंच्या उणिवेत असते.

पूर्वपीठिका : यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा (तालुका केळापूर) हे कापसाच्या काळ्या जमिनीच्या प्रदेशातील बाजारपेठेचे गाव असून ते नागपूर–हैदराबाद मार्गावर वसले आहे. हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणून ओळखला जाई; आता तो श्रीनगर–कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा भाग आहे. वेचणीनंतरचा कापूस खेड्यांतून बाजार समितीच्या आवारात व जिनिंग कारखान्यांत पोहोचविण्यासाठी येथे पूर्वापार बैलबंडी वापरात होती. भारतात बनविलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये आयशर कंपनीच्या फरीदाबाद येथील कारखान्यातून बाहेर पडला. पुढील दशकांत ट्रॅक्टरचा प्रसार होत गेला, तसतशी बंडीची जागा ट्रॉली व मालवाहू पिकअप यांनी घेतली.

बंडी हाही तत्त्वतः दुचाकी ट्रेलरच आहे. तिच्यात माल भरताना वजन आखाच्या किंचित पुढे ठेवण्याची दक्षता घेतात. माल आखाच्या मागे अधिक झाला, तर मागची बाजू खाली बसून जू वर उचलले जाते. बैलांच्या गळ्याला जोते आवळतात व त्यांचे पाय जमिनीवर नीट ठरत नाहीत. यालाच बंडी उलाळ होणे म्हणतात. उलट माल फार पुढे झाल्यास बैलांच्या मानेवर भार येऊन ती सोलवटते. गाडीवान स्वतः पुढेमागे सरकून हा तोल साधतो. यंत्रयुगात बैलाच्या मानेची जागा ट्रॅक्टरच्या आकड्याने घेतली. तोलाचा नियम मात्र तोच राहिला.

प्रकार : (१) दुचाकी ट्रॉली : हिला एकच आस असतो आणि वजनाचा काही भाग दांड्यावाटे ट्रॅक्टरच्या आकड्यावर येतो. हिला मागे नेणे व अरुंद जागेत वळविणे तुलनेने सोपे असते. (२) चारचाकी ट्रॉली : हिला दोन आस असून पुढचा आस फिरत्या तबकडीवर बसविलेला असतो. वजन स्वतःच्या चारही चाकांवर राहते व दांडा खालीवर हलू शकतो. त्यामुळे ट्रॅक्टरवर उभा भार जवळजवळ येत नाही. मात्र ती उलट दिशेने नेणे कौशल्याचे काम असते. (३) प्रवासी ट्रेलर : झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली ही चाकांवरील खोली होय. अमेरिकेत मोटारगाडी वा पिकअपमागे ती जोडून प्रवास करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यामुळे हा प्रकार येथेही चर्चेत आला.

ओढण्याचे सामर्थ्य : सपाट डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा विरोध एकूण वजनाच्या सु. दोन टक्के धरता येतो. २ टनांचा ट्रॅक्टर व मालासह ५ टनांची ट्रॉली मिळून ७ टन वजन ताशी २० किमी. वेगाने नेण्यास या हिशोबाने सु. १० अश्वशक्ती पुरते. वीस मीटरला एक मीटर चढ असल्यास हीच गरज सु. ३६ अश्वशक्तीवर जाते आणि खालचा गिअर घालून वेग कमी केल्यास ती पुन्हा उतरते. सारांश, ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे ओझे ओढणे फारसे जड नाही. “ट्रॅक्टर ओढतो आहे, म्हणजे भार झेपतो आहे” हा समज यातूनच निर्माण होतो. परंतु तो पुरता खरा नाही.

पेलण्याचे सामर्थ्य : दांड्यावाटे आकड्यावर येणाऱ्या उभ्या भाराला आकडाभार म्हणता येईल. आकडा मागील आसाच्याही मागे असल्याने हा भार मागील चाके दाबतो आणि पुढील चाके हलकी करतो. आकडा मागील आसाच्या ०·७ मी. मागे असून दोन्ही आसांतील अंतर १·९ मी. असल्यास ५०० किग्रॅ. आकडाभाराने पुढील चाकांवरील वजन सु. १८५ किग्रॅ.ने घटते. चढावर ओढ वाढली, की ती आणखी हलकी होतात व सुकाणूचा ताबा सुटू लागतो. ओढणीचा साखळदंड वा दांडा मागील आसाहून उंच जागी अडकविल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकासह मागे उलटू शकतो; म्हणून जोडणी नेहमी नेमून दिलेल्या खालच्या आकड्यालाच करावी लागते.

प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत आकडाभार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. तो याहून बराच कमी झाला, म्हणजे बंडीच्या भाषेत ट्रेलर उलाळ झाला, तर अधिक वेगात त्याची शेपटी डावी-उजवीकडे झोकांडू लागते आणि हे हेलकावे वाढत जाऊन पुढील वाहनही रस्त्याबाहेर फेकले जाते. अमेरिकेत ज्या पिकअपला ‘हाफ-टन’ म्हणतात, त्यांचे हे नाव जुन्या काळच्या सु. १,००० पौंड (४५४ किग्रॅ.) भारक्षमतेवरून पडले, आजच्या गाड्यांची क्षमता त्याहून जास्त असते. अशा गाडीची ओढण्याची कमाल क्षमता पुष्कळदा ४ टनांहून अधिक छापलेली असते. तथापि अंगावर भार पेलण्याची तिची क्षमता ७०० किग्रॅ. असेल आणि चार माणसे व सामान मिळून ३५० किग्रॅ. होत असतील, तर ३ टनांच्या ट्रेलरचा १३ टक्के म्हणजे ३९० किग्रॅ. आकडाभार येताच मर्यादा ४० किग्रॅ.ने ओलांडली जाते. म्हणजे ओढीच्या हिशोबात बसणारा ट्रेलर पेलण्याच्या हिशोबात बसत नाही. स्प्रिंगपट्ट्यांची विशेष जोडणी वापरून आकडाभार पुढील चाकांकडे व ट्रेलरच्या आसांकडे वाटून देता येतो. परंतु गाडीची ठरवून दिलेली मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

आवरण्याचे सामर्थ्य : हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वाधिक उपेक्षित भाग आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागील दोन चाकांवरच चालतात आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वरील उदाहरणात ट्रॅक्टर एकटा असताना मागील चाकांवर १·३ टन वजन धरले व कोरड्या रस्त्याचा घर्षण गुणक ०·६ मानला, तर ताशी ३० किमी. वेगातून थांबण्यास ब्रेक लागल्यापासून सु. ९ मी. अंतर लागते. मागे ५ टनांची ट्रॉली असता मागील चाकांवरील वजन सु. २ टन होते, पण थांबवावयाचे वजन ७ टन असते. त्यामुळे हे अंतर सु. २१ मी. होते. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्म्यावर आल्यास ते ४१ मी. होते आणि त्याच ओल्या रस्त्याला वीस मीटरला एक मीटर उतार असल्यास १०० मी.च्या जवळ जाते. चालकाने धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात कापले जाणारे सु. ८ मी. यात धरलेले नाहीत. ट्रॉलीच्या चाकांनाही ब्रेक असतील, तर सिद्धांतानुसार एकट्या ट्रॅक्टरला लागते त्याहून जास्त अंतर लागू नये. ट्रॉलीला ब्रेक बसविणे हा म्हणूनच चैनीचा नव्हे, तर निकडीचा खर्च आहे. अमेरिकेतील प्रवासी ट्रेलरना चालकाच्या हाताशी नियंत्रण असलेले विजेचे ब्रेक असतात. यूरोपात ट्रेलर पुढे रेटला गेला, की त्या रेट्यानेच आपोआप लागणारे ब्रेक प्रचलित आहेत.

ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. हा रेटा तिरका बसल्यास दोन्ही वाहने अडकित्त्याप्रमाणे दुमडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, म्हणजे एंजिनाचा रोध मिळतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून घेण्याची सवय प्राणघातक ठरते. तसेच ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पायटे असतात. ते शेतात झटकन वळण्यासाठी उपयोगी असले, तरी रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही एकमेकांना खिटीने जोडलेच पाहिजेत. अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो.

कापसाची वाहतूक : कापूस वजनाला हलका व आकाराने मोठा असल्याने ट्रॉलीच्या फळ्यांवर वाढीव आधार बांधून तो उंच भरतात. त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधील अंतर १·५ मी. असून गुरुत्वमध्य १·५ मी. उंचीवर असल्यास २० मी. त्रिज्येच्या वळणावर ट्रॉली उलटण्याचा वेग ताशी सु. ३६ किमी. येतो, गुरुत्वमध्य २ मी.वर गेल्यास तो ३१ किमी.वर उतरतो. टायरांचे दबणे, माल एका बाजूस सरकणे व रस्त्याच्या कडेची उतरण यांमुळे प्रत्यक्षात तो आणखी कमी असतो. भरलेल्या कापसावर माणसांनी बसून प्रवास करणे याच कारणास्तव घातक आहे : ट्रॉली कलंडल्यास वर बसलेली माणसेच तिच्याखाली सापडतात.

दुसरा धोका वेगातील तफावतीचा आहे. महामार्गावर ताशी ८० किमी. वेगाने येणारी मोटार ताशी २० किमी. वेगाने चाललेल्या ट्रॉलीमागील १०० मी. अंतर सहा सेकंदांत संपविते. रात्री ट्रॉलीला मागील दिवा नसेल व बाहेर आलेल्या कापसाने वा ताडपत्रीने परावर्तक झाकले गेले असतील, तर हा अवधी मागच्या चालकाच्या हातून निसटतो. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर ठेवून चाकाला दगड लावणे व नंतर तो दगड तेथेच सोडून जाणे, हेही अनेक अपघातांना निमंत्रण देते.

दक्षता : निघण्यापूर्वी आकड्याची पीन व तिची खिटी, सुटल्यास दांडा जमिनीवर पडू न देणारी जोडसाखळी, टायरांतील हवा, मागील दिवे व परावर्तक तपासावेत. जड माल तळाशी व आसाच्या किंचित पुढे ठेवावा. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. नोंदणीपत्रात दिलेले कमाल वजन हे यंत्राच्या ताकदीचे नव्हे, तर आस, टायर व ब्रेक यांच्या मर्यादेचे मोजमाप असते. म्हणून किती ओझे जोडावे हे एंजिन किती ओढते यावरून न ठरविता, उतारावर व ओल्या रस्त्यावर ते किती अंतरात थांबविता येईल यावरून ठरविणे इष्ट होय.